गोड्या पाण्याची साय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लक्षद्वीपला जाऊन आलो असं सांगितलं की लोक तीन प्रश्न विचारतात. किनारे कसे आहेत? माणसं कशी आहेत? आणि मासे, कासवं वगैरे काही बघायला मिळालं का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्या बेटांवर चार दिवस राहिलं की कळतं, हे तीन प्रश्न तिथं वेगवेगळे नाहीतच. किनारा तिथल्या जिवांनी बांधलेला आहे, माणसं त्या जिवांच्या आधारानं उभी आहेत आणि या सगळ्यांच्या खाली गोड्या पाण्याचा एक पातळसा थर आहे. तो आहे म्हणून बाकीचं सगळं आहे. आज त्या थराबद्दल आणि त्याच्यावर राहणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे.

आधी थोडा हिशेब सांगतो. नावात लक्ष, म्हणजे लाख बेटं. मोजायला गेलं तर छत्तीस, आणि त्यांतली वस्ती असलेली फक्त दहा. कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कदमत, किल्तान, चेतलत, बित्रा, आंद्रोत, कल्पेनी आणि मिनिकॉय. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ३२ चौरस किलोमीटर भरते. म्हणजे सहा किलोमीटर लांब आणि साडेपाच किलोमीटरही रुंद नाही, एवढाच तुकडा. २०११ च्या जनगणनेत त्यावर ६४,४७३ माणसं होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर दोन हजार. आपल्या महाराष्ट्राचा हाच आकडा त्या वेळी ३६५ होता. नारळाच्या झाडीत ही दाटी दिसत नाही, पण आहे.

कोचीहून जहाजानं निघालं की बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात. अगत्तीला १९८८ पासून विमानतळ आहे, पण माझं म्हणणं, जमलं तर जहाजानंच जावं. रात्रभर काळंभोर पाणी बघितल्यावर सकाळी क्षितिजावर हिरवी रेघ उगवते, तेव्हा त्या जमिनीचं मोल डोळ्यांना कळतं. ती जमीन समुद्राच्या वर जेमतेम एखाद-दोन मीटर असते. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हटलं की पाठीशी सह्याद्री गृहीत असतो. तिथं पाठीशी काही नाही. पुढं समुद्र, मागं समुद्र, आणि मध्ये माड.

ही बेटं झाली कशी? चार्ल्स डार्विननं १८४२ साली प्रवाळबेटांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात याची उकल मांडली. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या कडेनं प्रवाळ वाढतात. डोंगर हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर नाहीसा होतो आणि त्याच्या भोवतीची बांगडी तेवढी उरते. बांगडीच्या आत शांत, उथळ, फिकट हिरवं पाणी असतं, त्याला लगून म्हणतात. बांगडीच्या कडेवर लाटांनी वाळू आणि प्रवाळाचे तुकडे आणून टाकले, ते बेट. म्हणजे ही जमीन मातीची किंवा खडकाची म्हणण्यापेक्षा हाडांची आहे म्हणा ना. कोट्यवधी इवल्या जिवांची हाडं.

त्या पांढऱ्याशुभ्र वाळूचं रहस्यही असंच. पोपटासारखी चोच असलेला एक मासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर प्रवाळाचा चुराही पोटात जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. या माशाच्या काही मोठ्या जातींतला एकेक मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. आपण ज्या किनाऱ्यावर अनवाणी चालतो, फोटो काढतो, तो बराचसा या माशांनी घडवलेला असतो. हे ऐकल्यावर माझ्या सोबतचे एक गृहस्थ काही वेळ पायांकडेच बघत राहिले.

आता पाण्याबद्दल. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही, तळं म्हणावं असंही फारसं काही नाही. पाऊस पडतो तो सच्छिद्र वाळूतून खाली मुरतो. खाली सगळीकडे समुद्राचं पाणी. पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते त्यावर तरंगत राहतं, तापलेल्या दुधावर साय धरते तसं. विहीर खणायची ती या सायीपर्यंतच. घराघराच्या मागं अशा उथळ विहिरी आहेत. भरती आली की विहिरीतलं पाणी किंचित वर येतं, ओहोटीला खाली जातं. मी एका घराच्या परसात उभा राहून हे पाहिलं. समुद्र दिसत नव्हता, पण विहीर त्याच्या लयीत श्वास घेत होती.

त्या घरातली वृद्ध बाई बादलीनं पाणी काढत होती. घरात पंप होता, तरी ती बादलीच वापरायची. का, असं विचारलं. तिच्या नातवानं तिचं म्हणणं मला हिंदीत समजावून दिलं, "आजी म्हणते, बादली विचारून पाणी घेते, पंप ओरबाडतो." यातला भाग शास्त्राचाही आहे. पंपानं जोरात उपसा केला की वरची साय फाटते आणि खालचं खारं पाणी वर येतं. एकदा विहीर खारट झाली की ती पुन्हा गोडी व्हायला पुढचे पावसाळे बघावे लागतात. २००५ साली कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचं आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्यानं त्या वाफेचं पाणी करायचं, अशी त्याची रीत. दिवसाला एक लाख लिटर. पुढं मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. लोकांना त्याचा मोठा आधार वाटतो. पण विहिरीची काळजी त्यानं संपत नाही.

आता माणसं. बेटांवरची शेकडा शहाण्णवच्या वर वस्ती मुसलमानांची. आणि यांतले बहुतेक सगळे लोक अनुसूचित जमातींत मोडतात. जहाजावर एका बेटावरचे शिक्षक भेटले. गप्पांत मी त्यांना सांगितलं की आमच्याकडं अजूनही मला कुणीतरी विचारतं, तुम्ही मुसलमान, मग मराठीत कविता कशी लिहिता? ते हसले. म्हणाले, "घरी आम्ही जेसरी बोलतो, लिहितो मल्याळममध्ये, नमाज अरबीत पढतो आणि तुमच्याशी आता हिंदीत बोलतोय. यात विचारण्यासारखं काय आहे?" मला इतकं सोपं उत्तर तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मिनिकॉयची तऱ्हा आणखी निराळी. हे बेट दक्षिणेला एकटंच पडलेलं, मालदीवच्या बाजूला. तिथली भाषा महल, म्हणजे मालदीवच्या धिवेहीचंच रूप. लिपी थाना, उजवीकडून डावीकडं लिहायची. या लिपीची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांपासून बनलेली आहेत. लिहिणाऱ्यानं मोजण्याच्या खुणा घेतल्या आणि त्यांची अक्षरं केली, कवीला याहून सुंदर गोष्ट कोणती सांगावी! लिपी अशी परकी दिसते, पण भाषा आपल्या मराठीच्या गोतातली, आर्यभाषा कुळातली. तिथं माशाला 'मस' म्हणतात. आपला मासा आणि त्यांचा मस, दोघंही मूळ मत्स्यच. पाण्याला 'फेन' म्हणतात. आपल्याकडं फेन म्हणजे फेस. पण तिकडं 'प'चा 'फ' होतो, म्हणून पाण्याचं फेन झालं. एका म्हाताऱ्या खलाशाच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले आणि हजार मैलांवर कुणी लांबचा चुलता भेटावा तसं झालं.

या बेटांवरची दुसरी गोष्ट आपल्याकडच्या अनेकांना, हिंदूंना तशीच मुसलमानांनाही, बुचकळ्यात टाकते. इथं घराणं आईकडून चालतं. घराण्याला तरवाड म्हणतात. तरवाडाची मालमत्ता बाईच्या वंशात राहते. जुन्या रीतीप्रमाणं लग्न झाल्यावरही मुलगी आपल्या आईच्याच घरी राहायची आणि नवरा रात्री तिच्याकडं यायचा, दिवसा आपल्या आईच्या घरी. आता ही रीत बदलते आहे, नवराबायको वेगळं घर करतात. पण मालमत्तेचे दोन प्रकार अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. तरवाडाची ती 'शुक्रवारची' मालमत्ता, आणि स्वतः कमावलेली ती 'सोमवारची'. शुक्रवारची आईच्या वंशात जाते, सोमवारचीची वाटणी इस्लामी वारसा कायद्याप्रमाणं होते. दोन वार, दोन कायदे, आणि एकाच घरात दोन्ही गुण्यागोविंदानं.

या विषयावरचं महत्त्वाचं पुस्तक एका मराठी घरातल्या बाईनं लिहिलेलं आहे, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक असतं. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे. माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. लक्षद्वीपमधला इस्लाम आणि मातृवंशीय पद्धत यांच्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६९ साली आलं. धर्म एक असला तरी माणसं तो आपल्या मातीत कसा रुजवतात, हे त्यांनी शांतपणे दाखवून दिलं. इथं तर माती नव्हती, वाळू होती. तीतही रुजला.

आंद्रोत बेटावर जुम्मा मशिदीत हजरत उबैदुल्ला यांची कबर आहे. सातव्या शतकात त्यांचं जहाज या पाण्यात फुटलं, ते अमिनी बेटाला लागले आणि त्यांच्याकडून बेटांना इस्लाम मिळाला, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार काळाबद्दल वाद घालतात, ते त्यांचं काम. मला त्या कथेतली एक बाजू लक्षात राहिली. आलेला माणूस बुडता बुडता वाचलेला, हात रिकामे. बेटानं त्याला ठेवून घेतलं, त्याचं म्हणणं ऐकलं, पण आईच्या नावानं चालणारं घर काही मोडलं नाही. त्यानंही ते मोडायला लावलं नाही. पाहुणा आणि यजमान यांच्यातला हा करार शेकडो वर्षं टिकला आहे.

मिनिकॉयला ट्यूनाची मासेमारी बघितली. कोकणात आम्ही त्याला कुपा म्हणतो. तिथं मोठी जाळी टाकत नाहीत. पहाटे लगूनमध्ये बारीक मासळी जिवंत धरायची आणि होडीतल्या टाकीत खेळत्या पाण्यात ठेवायची. मग बाहेरच्या समुद्रात पक्ष्यांचे थवे हेरायचे. खाली कुपाचा कळप असला की ती बारीक मासळी पाण्यात फेकायची, वरून पाण्याच्या चिळकांड्या उडवायच्या. कुपाला वाटतं, भक्ष्य उसळतंय. होडीच्या मागच्या टोकाला रांगेनं उभे राहिलेले गडी लांब काठ्यांनी एकेक मासा डोक्यावरून उचलून होडीत टाकतात. एक काठी, एक गळ, एक मासा. नको असलेला जीव यात फारसा मरत नाही. पुढं हा मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवतात. लाकडासारखा कडक होतो आणि महिनोन् महिने टिकतो. बाया तो खोबऱ्याबरोबर कुटून सारणासारखा करतात.

आता यातली साखळी बघा. प्रवाळ असेल तर लगूनमध्ये बारीक मासळी. बारीक मासळी असेल तर कुपा. लोक कुपा खातात म्हणून प्रवाळातल्या माशांवर, त्या वाळू घडवणाऱ्या पोपटमाशांवरही, ताण कमी. ते मासे आहेत म्हणून शेवाळ आटोक्यात, प्रवाळ जिवंत आणि किनारा जागेवर. एका काठीवर केवढा डोलारा उभा आहे!

पाहुण्याला मात्र रोज कुपा चालत नाही. त्याला ताटात रंगीत, चविष्ट, निरनिराळी मासळी लागते. ती येते कुठून? प्रवाळातून. पाच-पन्नास पाहुणे असतील तर प्रश्न नाही. पाहुणे हजारांनी यायला लागले तर कोण कुठली साखळी तोडतंय, हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी समुद्री कासवं दिसतात. पाण्याखालचं गवत ती गाईंसारखी चरतात. पूर्वी त्यांची चरबी होड्यांना लावायला वापरायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांना अभय मिळालं आणि पुढं कासवं खूप वाढली. इतकी, की लगूनमधलं गवत फस्त झालं आणि त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले. तिथला एक मच्छीमार मला म्हणाला, "कासव वाचलं, चांगलं झालं. पण गवत संपलं की ते दुसऱ्या लगूनमध्ये जातं. मी कुठं जाऊ?" निसर्ग वाचवायचा म्हणजे एकच जीव वाचवून भागत नाही, हे त्यानं एका वाक्यात सांगितलं. कवरत्तीच्या जवळ पित्ती नावाचं उघडंबोडकं वाळूचं बेट आहे. तिथं माणूस राहत नाही. सुरय जातीचे समुद्रपक्षी हजारांनी अंडी घालतात. काही ठिकाणं आपण गेलो नाही म्हणूनच सुंदर राहतात.

सगळ्यात मोठं संकट मात्र बेटांच्या हातातलं नाही. समुद्र एखाद-दोन अंशांनी जास्त तापला आणि तसाच काही आठवडे राहिला, की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात. तीच त्यांचं अन्न शिजवणारी. ती गेली की प्रवाळ पांढरे पडतात आणि उपाशी मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली असं झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. लक्षद्वीपच्या प्रवाळांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांना १९९८ पासूनच्या सुमारे चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. प्रवाळ मेले की लाटा अडवणारी भिंत झिजते, मग बेट झिजतं. बंगारमजवळचं पराली-१ नावाचं एक निर्जन बेट १९६८ साली नकाशावर होतं. २०१७ साली अभ्यासकांनी जाहीर केलं की ते पूर्ण झिजून गेलं आहे. त्यावर कुणी राहत नव्हतं, म्हणून बातमी छोटी आली.

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, त्यांची छायाचित्रं देशभर बघितली गेली आणि सगळ्यांना एकदम तिकडं जावंसं वाटू लागलं. त्याआधी २०२१ मध्ये बेटांच्या विकासाविषयीच्या नव्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा तिथले लोक अस्वस्थ झाले होते. त्यांनी ७ जून २०२१ ला आपापल्या घरी बसून दिवसभराचं उपोषण केलं. काहींनी समुद्राच्या तळाशी उभं राहून फलक धरले. दगड उचलला नाही. पर्यटन नकोच, असं मला तिथं कुणी म्हणालं नाही. तरुणांना काम हवं आहे. शिकलेली पोरं किती दिवस कोचीला नोकऱ्या शोधत फिरणार? त्यांचा प्रश्न एवढाच, की पाहुणे किती येणार, पाणी कुणाचं पिणार, आणि ही बेटं शेवटी कुणाची राहणार.

बेटांवर बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. अनेकांना ती कटकट वाटते. मला ती उंबऱ्यावर थांबून "येऊ का?" म्हणण्यासारखी वाटली. आमच्याकडं हदीसमध्ये पाहुणचाराचे तीन दिवस सांगितले आहेत. त्याच्या पुढचा भाग लोक विसरतात. यजमान अडचणीत येईल इतकं राहणं पाहुण्याला रास्त नाही, असंही तिथं सांगितलं आहे. आणि मराठी म्हण तर सगळ्यांना पाठ आहे, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. अरबस्तानातून आलेली शिकवण आणि माजघरातली म्हण, दोन्ही एकच सांगतात. पाहुण्यालाही धर्म असतो.

तेव्हा जाणाऱ्यांनी जरूर जावं. पावसाळा टाळून, ऑक्टोबर ते मे या दिवसांत जावं. प्रवाळावर पाय देऊ नये, तो दगड नाही. एकही शिंपला उचलून आणू नये. जेवायला कुपा मागावा, चांगला लागतो. कवरत्तीच्या उज्रा मशिदीचं कोरीव लाकडी छत मान वर करून सावकाश बघावं. गावातून जाताना अंगभर कपडे असावेत, घरांचे फोटो विचारून काढावेत. आपण नेलेलं प्लास्टिक आपणच परत आणावं, कारण बत्तीस चौरस किलोमीटरात ते टाकायला जागा नाही. आणि अंघोळीला बसल्यावर एक बादली कमी घ्यावी. त्या बादलीतलं पाणी गेल्या पावसाळ्यात पडलेलं आहे, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते त्या घराला पुरवायचं आहे.